फोन बंद असतानाचा भाव

मंगळवारी सकाळी आठच्या सुमाराला प्रियदर्शिनी गच्चीवरच्या टाकीत काठी घालून पाणी किती चढलंय ते बघत होती, तेवढ्यात शेजारच्या गच्चीवरून रफिया आपांची हाक आली. "अगे प्रिया, कां मर गई थी? आवाजां दे-दे को गला बैठ गया मेरा. अमरीका से फोन आया था तेरा!" आपा ओल्या चादरी दोरीवर टाकत होत्या आणि दोन चादरींच्या मधून त्यांचा गोल, घामेजलेला चेहरा तेवढा दिसत होता. काचीगुड्याच्या त्या गल्लीत फोन फक्त त्यांच्या घरी होता. अर्जावर प्रियदर्शिनीनं त्यांचाच नंबर दिला होता. "एक औरत थी. नाम बोली, मेरे कू समझ में नै आया. चिल्ली, चिल्ली बोल रई थी. मैं बोली, यां मिरची नै बिकती अम्मा. फिर तेरा नाम ली. कल इसीच टैम पे फिर करती बोली." काठी प्रियदर्शिनीच्या हातून सुटली आणि टाकीत पडली. ती काढायला वाकताना पाण्यात स्वतःचं तोंड दिसलं, आणि ते आनंदी मुळीच दिसत नव्हतं.

खरं तर तिनं तिथंच गच्चीवर नाचायला हवं होतं. मागच्या वर्षी तिनं अमेरिकेतल्या सहा विद्यापीठांना अर्थशास्त्राच्या पीएच.डी.साठी अर्ज केले होते. सहाही नकार आले. यंदा पाच केले. त्यातले चार नकार फेब्रुवारीच्या अखेरीपासून एकेक करत आले होते. नकाराचं पाकीट पातळ असतं. पोस्टमननं ते दाराखालून सरकवलं की फरशीवर येताना आवाजसुद्धा होत नाही. घरातलं कुणीतरी पायानंच ते पुढं ढकलायचं आणि मग चमकून उचलायचं. अप्पा, म्हणजे तिचे वडील एकनाथराव, चष्मा लावून ते इंग्रजी पत्र दोनदा वाचायचे आणि म्हणायचे, "भाषा मात्र अदबीची आहे हं." उदगीरच्या हिम्मतरावांकडून एक स्थळ सांगून आलं होतं, त्यांना अप्पांनी एप्रिलपर्यंत थांबायला सांगितलं होतं. आई काहीच बोलत नसे. आख्ख्या हिवाळ्यात आई अमेरिकेबद्दल एक शब्द बोलली नव्हती; जा म्हणाली नव्हती, जाऊ नको म्हणाली नव्हती. प्रियदर्शिनीला नकारांपेक्षा त्या गप्प बसण्याचंच ओझं जास्त व्हायचं. आता पाचवं विद्यापीठ तेवढं उरलं होतं, उत्तरेकडच्या कुठल्याशा थंड राज्यातलं. तिथं सहा महिने बर्फ असतं असं माहितीपत्रकात लिहिलं होतं, आणि ते ऐकून अप्पांनी "मग पिकतं कधी?" असं विचारलं होतं. तिथली कुणी बाई रात्री साडेआठला स्वतःच्या घरी बसून आपला नंबर फिरवते आहे. नको असलेल्या माणसाला कुणी सातासमुद्रापलीकडून फोन करत नाही, एवढं तर कुणालाही कळावं. पण ती मिरची! एवढ्या मोठ्या अर्जातलं, गुणपत्रिका आणि शिफारशी आणि परीक्षांचे आकडे सोडून, त्या बाईनं नेमकी मिरचीच उचलावी!

अर्जाबरोबर एक निवेदन द्यावं लागतं. तुम्हाला हा विषय का शिकायचा आहे, कुठला प्रश्न तुम्हाला छळतो, ते दोन पानांत सांगायचं. मागच्या वर्षीचं तिचं निवेदन पाठ्यपुस्तकासारखं कोरडं होतं. विद्यापीठातला एक सीनियर आता तिकडं शिकत होता, त्यानं पत्रातून कळवलं, की स्वतःची काहीतरी गोष्ट सांग, हे लोक गोष्टीला भुलतात. मग नोव्हेंबरात ती रोज दुपारी अफझलगंजच्या मोठ्या लायब्ररीत जाऊन बसायला लागली. उंच छताखाली म्हातारी माणसं काठीला लावलेली वर्तमानपत्रं पसरून बसलेली असत. पानापानांवर परकीय भांडवल, खुला बाजार, उदारीकरण. दोन वर्षांपूर्वी कुणाच्या तोंडी नसलेला हा शब्द आता रिक्षावाल्याच्याही तोंडी होता. तिथं तिला ती गोष्ट आठवली. अप्पा मिरचीच्या बाजारात परवान्याचे मापाडी होते. जन्मभर त्यांनी काट्यावर दुसऱ्यांची मिरची तोलली. शाळेला सुटी असली की हेमंतदादा आणि ती काट्यापाशी रिकाम्या पोत्यांवर बसून राहायची. दोघांना शिंका यायच्या, डोळे चुरचुरायचे, पण घरी जा म्हटलं की दोघं रडायची. त्या वर्षी ती नऊची होती आणि दादा बाराचा. एका संध्याकाळी जेवताना दादा म्हणाला, "अप्पा, ज्या दिवशी अडत्याच्या दुकानातला फोन बंद असतो ना, त्या दिवशी मिरचीला भाव जास्त येतो." अप्पा हसले. मग महिनाभर त्यांनी लक्ष ठेवलं आणि एके दिवशी येऊन म्हणाले, "पोरगं खरं बोललं." पुढं पाहुण्यांना ते हे कौतुकानं सांगायचे. प्रियदर्शिनीला तेव्हा फार वाईट वाटायचं. तीही तिथंच बसलेली असायची, तिलाही डोळे होते; मग ते तिला का दिसू नये? दादा इंटरला, म्हणजे बारावीला, दोनदा नापास झाल्यावर अप्पांनी ती गोष्ट सांगायचं सोडून दिलं. घरात ती तशीच पडून होती, कुणी न वापरलेल्या तांब्यासारखी.

पहिल्या खर्ड्यात तिनं खरं तेच लिहिलं होतं: माझ्या भावाच्या लक्षात आलं. पण वाचताना ते वाक्य लंगडायचं. ज्याच्या लक्षात आलं तो कुठं आहे मग, असं वाचणारा विचारील. तो मलकपेठेत टेलिफोनचं बूथ चालवतो, आणि अर्ज बहीण करते आहे. टाइप करून घ्यायच्या आदल्या दिवशी तिनं भावावर काट मारली आणि वर 'मी' लिहिलं. इंग्रजीतला मी केवढासा, एक उभी रेघ. त्या रेघेनं सगळं निवेदन ताठ उभं राहिलं. पुढं तिनं लिहिलं होतं, की आता गावोगाव फोन येत आहेत, तेव्हा शेतकऱ्याचं त्यानं भलं होईल की व्यापाऱ्याचं, हे मला शोधायचं आहे. आणि ते अगदी मनापासून लिहिलं होतं. प्रश्न तिचा होता. पाहिलेलं मात्र दुसऱ्याचं होतं. "माझ्या बूथचा नंबर दे की, दिवसभर मी हितंच हाय," असं हेमंतदादा आपण होऊन म्हणाला होता. तिनं रफिया आपांचा दिला, आणि कारण स्वतःलासुद्धा सांगितलं नाही.

त्या दिवशी कॉलेजात तिनं कसंबसं शिकवलं. कोठीकडच्या एका खाजगी कॉलेजात ती दोन वर्षं बी.कॉम.च्या मुलींना शिकवत होती. फळ्यावर मागणीची रेघ उतरती, पुरवठ्याची चढती. दोन्ही जिथं भेटतात तिथं भाव. पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, पण दोघींनी तिथंच भेटायचं हे त्यांना कोण सांगतं?" एरवी तिला हा प्रश्न फार आवडला असता. आज तिनं फळा पुसायला घेतला. मनात उद्याची सकाळ चालली होती. ती बाई विचारणार: तुम्ही नऊ वर्षांच्या होता, तर तुम्ही हे कसं मोजलंत? किती दिवस? कुणाला भाव विचारायचात? आणि तिच्यापाशी एकाचंही उत्तर नव्हतं, कारण त्या उन्हाळ्यातलं तिला जे आठवत होतं ते सगळं नाकाडोळ्यांचं होतं: तिखट धुरळा, गोणपाटाचा वास, अप्पांच्या खांद्यावरचा लालसर पंचा. खोटं बोलायचं तर आणखी खोटं रचावं लागणार. तेही जमलं असतं. ती हुशार होती. या विचारानंच तिला पहिल्यांदा खरी भीती वाटली. पुढची पाच वर्षं, कदाचित सगळा जन्म, आपण त्या उभ्या रेघेला टेकू देत राहणार. वर्ग सुटायच्या घंटेची वाट न बघता तिनं हजेरी मिटली आणि मलकपेठची बस पकडली.

हेमंतदादाचं बूथ रस्त्यावरच होतं, पिवळ्या पाटीचं. अशा पाट्या गेल्या तीन वर्षांत शहरभर उगवल्या होत्या. काचेच्या खोक्यात एक माणूस तेलुगूत जोरजोरात कुणाला तरी लग्नाची तारीख सांगत होता. दादानं तिला स्टुलावर बसवलं आणि चहा मागवला. "काय गं, कॉलेज बुडवून? कुनाचं पत्र आलं का काय?"

"फोन आला. आपांकडं. उद्या परत येणार आहे." आणि मग तिनं एका दमात सगळं सांगून टाकलं, मिरची, निवेदन, खोडलेला भाऊ. सांगताना ती त्याच्याकडं बघत नव्हती, मीटरवर पळणाऱ्या लाल आकड्यांकडं बघत होती. बोलणं संपल्यावर तिनं मान वर केली. दादा हसत होता. आधी गालात, मग चांगला खदखदून. काचेतल्या माणसानं वळून पाहिलं.

"मी? मी कुठं म्हनलो ते? आई म्हनली होती."

"तूच अप्पांना सांगितलंस. मी समोर होते."

"सांगितलो मी. बघितली आई. डबा घेऊन यायची की नाय ती? मला म्हनली, तुझ्या बापाला माझं नाव सांगू नको, बाईमानूस बाजारात बसून काय बघतीय म्हनतील. तूच बघितला म्हनून सांग." तो हसायचा थांबला. त्यानं टेबलावरचं बिलांचं पुस्तक उगाच सरळ केलं. "मग लोकं मला शहाना म्हनायले. मला बी बरं वाटायचं. दोनदा इंटर गेलं, तवा तेवढंच एक होतं ना माझ्याकडं, आपन लहानपनी लय हुशार होतो म्हनून. आता तू सोताला चोर ठरवून माफी मागायलीस, तर मी कुनाला मागू?"

"आईला कधी विचारलंस?"

"कामून विचारू? ती इसरली आसंल." आणि चहाचा कप तिच्याकडं सरकवत तो म्हणाला, "तू विचार. तुला फोन हाय उद्या."

मलकपेठेहून ती चालतच निघाली. चादरघाटच्या पुलावर मार्चचं ऊन अजून चांगलं चटकत होतं. खाली मुसीचं पाणी कमी आणि गवत जास्त. तिला वाटत होतं, आपल्या डोक्यातलं एक जुनं चित्र कुणीतरी उलटं टांगलं आहे. त्या पोत्यांवर ती आणि दादा दोघंच आहेत असं ती इतकी वर्षं बघत आली होती. आता तिथं आई आली. पितळी डबा मांडीवर, पदर कपाळापर्यंत. आई तिथं रोज होती. रोज! डबा आला की आपण भूक लागली म्हणून नाचायचो, म्हणजे डब्यामागे कुणीतरी असणारच. मग इतकी वर्षं ती आठवणीत का नव्हती? अर्जात तिनं भावाला खोडलं होतं, त्याची तिला दिवसभर लाज वाटत होती. आईला तर खोडावंसुद्धा लागलं नव्हतं. पुलाच्या मधोमध ती थांबली. एक सायकलवाला घंटी वाजवत, शिवी देत बाजूनं गेला. आणि विचित्र म्हणजे याच क्षणी सकाळपासून पहिल्यांदा तिला हलकं वाटलं. दादाकडून चोरलेलं परत करायचं म्हणजे नुसती माफी होती. आईकडं मात्र विचारण्यासारखं काहीतरी होतं. आईला त्या बाजारात नेमकं काय दिसलं, हे तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं. फोनसाठी नाही, तिला स्वतःलाच.

घरी तिची आई, भामा, मागच्या अंगणात चिंच फोडत बसली होती. तिचे हात चिंचेनं चिकट झाले होते आणि चिंचोके एका बाजूला साठले होते. प्रियदर्शिनी समोर पाटावर बसली आणि तिनंही चिंचेचा एक आकडा उचलला.

"आई, फोन बंद असला की मिरचीला भाव चढतो, हे तू म्हणाली होतीस?"

"म्हनले आसंल."

"तुला कसं कळलं?"

"कळायला काय झालं? दिसायचं की." भामानं एक शीर ओढून काढली. "तुझा बाप मला वट्यावर येऊ द्यायचा नाय. लिलाव चालू आसला की काट्यामागं गोनपाटाचा पडदा होता, तितं बस म्हनायचा. तासभर बसावं लागायचं. पडद्याखालून मला नुसते पाय दिसायचे, दुसरं काय नाय. येवढे येवढे." तिनं वीतभर उंची दाखवली. "पायावरून मी सगळ्यांला वळखायची. एकाच्या टाचंला भेगा, एकाचे नवे बूट कुरकुर वाजायचे. सकाळी फोनवर गुंटूरच्या बाजाराचा भाव आला ना, की खरेदीवाल्याचे सगळे पाय एका जागी गोळा व्हायचे. तोंडं एकमेकाकडं. रासीकडं एकाचं बी नाय. अन् फोन बंद पडला की मुनीम वरडायचा, लाइन नै मिल रई म्हनून. त्या दिशी ज्याचा त्यो. बोटं रासीकडं. जवळ यायचे, उकिडवं बसायचे, मिरची मोडल्याचा, वास ओढल्याचा आवाज यायचा. दुसऱ्याला किती ठावं हाय ते कुनालाच ठावं नाय. मग भेव वाटतंय मानसाला, माल हातचा जाईल म्हनून. तवा भाव चढायचा."

प्रियदर्शिनीच्या हातातली चिंच तशीच राहिली. यासाठी तिनं दोन वर्षं गणितं केली होती. लिलावात कुणाला काय माहीत असतं, माहिती सारखी असली की बोली कशी दबते, यावरची मोठमोठी पानं तिनं झेरॉक्स करून आणली होती. आणि त्यातल्या एकाही पानावर पाय नव्हते.

"आई, हे मी तिकडच्या अर्जात लिहिलंय. मीच लहानपणी बघितलं म्हणून."

भामाचे हात थांबले. तिनं लेकीकडं पाहिलं नाही. अंगणाच्या भिंतीकडं पाहिलं. पलीकडून स्टेशनात शिरणाऱ्या गाडीची शिटी आली आणि विरली. प्रियदर्शिनीला वाटलं, आता ही उठून आत जाईल आणि पुन्हा कधीच या विषयावर बोलणार नाही.

"पायाचं लिहिलीस का?" भामानं विचारलं.

"नाही. मला माहीतच नव्हतं."

"मग काय लिहिलीस? नुसतं भाव चढतो म्हनून? ते तर कुनी बी म्हनंल." तिच्या आवाजात राग होता, पण तो चोरीचा नव्हता, अर्धवट कामाचा होता. भाकरी कच्ची राहिली की ती याच आवाजात बोलायची. "उद्या नीट सांग. बघितलं कुनी तेबी सांग, अन् काय बघितलं तेबी सांग."

बुधवारी सकाळी साडेसातपासून ती रफिया आपांच्या बैठकीत, फोनच्या शेजारी बसली. फोनवर भरतकाम केलेला रुमाल होता. आपांनी घरातल्या सगळ्यांना दटावून आत पाठवलं आणि स्वतः मात्र दारात तसबीची माळ घेऊन उभ्या राहिल्या. "घबरा नक्को. मैं दुआ पढ़ रई." आठ वाजून चार मिनिटांनी घंटा लांबलचक वाजली. बाईचं नाव लिंडक्विस्ट. त्या प्राध्यापक होत्या, प्रवेशाच्या समितीवर होत्या. बोलणं इंग्रजीत. प्रत्येक वाक्य समुद्रापलीकडं जाऊन यायला वेळ घ्यायचं, त्यामुळं दोघी एकमेकींच्या बोलण्यावर आदळायच्या. बाईंनी थेट मुद्द्याला हात घातला: तुमचं मिरचीचं निरीक्षण आम्हाला सगळ्यांना आवडलं, मला जाणून घ्यायचं होतं, की इतक्या लहान वयात ते तुमच्या लक्षात कसं आलं?

"ते माझ्या लक्षात आलं नाही," प्रियदर्शिनी म्हणाली. आदल्या दिवसापासून तिनं या वाक्याआधी घालायला चार वाक्यं जुळवली होती, ती सगळी कुठं गेली कोण जाणे. "ते माझ्या आईनं पाहिलं. मी माझं म्हणून लिहिलं. ती माझी चूक आहे. मला वाटत होतं भावाचं आहे, काल कळलं की आईचं आहे."

तिला त्या तारेतला खरखराट ऐकू येत होता आणि त्याच्या तळाशी, अगदी बारीक, दुसऱ्याच कुणाचं तरी बोलणं. मग बाईंचा आवाज आला, आधीपेक्षा सावकाश. "हे तुम्ही समितीला लेखी कळवायला हवं. मी स्वतः..." आणि लाइन तुटली. तिनं हॅलो, हॅलो केलं. आपांनी रिसीव्हर घेऊन फोनचा खटका वर-खाली दाबून पाहिला. पाऊण तास दोघी बसून राहिल्या. फोन पुन्हा वाजला नाही. मी स्वतः काय? मी स्वतः बोलेन? मी स्वतः तुमचं नाव कापेन? आपा म्हणाल्या, "सच बोली ना तू? बस. चाय पी."

तिनं चहा घेतला, आणि घरी येऊन लिहायला बसली. लाज तशीच होती, पण लाजेपेक्षा घाई मोठी होती, कारण आता सांगायला फार होतं. पहिल्या परिच्छेदात चूक, सरळ, विशेषणं न लावता. मग आईचं नाव. मग गोणपाटाचा पडदा, त्याखालची वीतभर जागा, गोळा झालेले पाय आणि विखुरलेले पाय. लिहिता लिहिता ती तीनदा उठून अंगणात गेली. बाजारात फोन किती दुकानांत होते? बंद किती दिवस राहायचा? नव्या बुटांचा माणूसही इतरांसारखाच वागायचा का? भामा दर वेळी थोडा विचार करून उत्तर द्यायची, आणि आठवत नसलं तर "नाय आठवत" म्हणायची. तेही तिनं लिहिलं. चार पानं झाली. दुपारी ती मलकपेठेला गेली. हेमंतदादानं नुकतंच फॅक्सचं यंत्र घेतलं होतं, आणि विद्यापीठाचा फॅक्सचा नंबर माहितीपत्रकावर होता. त्यानं पहिलं पान हातात घेतलं, वरून खाली नजर फिरवली, आणि आईचं इंग्रजीत लिहिलेलं नाव आलं तिथं थांबला. "हे बरं केलीस," एवढंच म्हणाला. पानं एकेक करून यंत्रात गेली आणि दुसऱ्या बाजूनं जशीच्या तशी बाहेर आली. तिला क्षणभर वाटलं, काहीच गेलं नाही. मग यंत्रानं एक चिठ्ठी फेकली: चार पानं, पोचली.

मग वाट बघणं. पण आधीची वाट आणि ही वाट एक नव्हती. हिवाळ्यातली वाट म्हणजे दाराखालच्या फटीकडं लागलेला कान होता. पोस्टमनची सायकल वाजली की ती उठून दारापाशी. आता पोस्टमन येऊन जायचा आणि तिला उशिरा कळायचं, कारण ती आईला काहीतरी विचारत असायची. भामा एकदा बोलायला लागली ती थांबेचना. हळदीचा लिलाव वेगळा असायचा म्हणाली, आणि तो कसा ते सांगितलं. अप्पा मधेच म्हणाले, "हे तू मला कधी सांगितलं नाहीस." "तुमी कधी इचारलात?" भामा म्हणाली. अप्पा चष्मा पुसत बसले. पाडवा झाला, कडुलिंबाची चटणी झाली, ऊन तापलं. मुलींना शिकवताना प्रियदर्शिनीनं एकदा फळ्यावर दोन रेघांच्या ऐवजी पावलं काढली. मुली हसल्या, आणि मग त्या पहिल्या बाकावरच्या मुलीनं वही उघडून ती उतरवून घेतली. नकार आला तर काय, हे प्रियदर्शिनीनं ठरवून टाकलं होतं. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करायचा, नाहीतर इथंच विद्यापीठात नाव घालायचं आणि बाजारांतून हिंडायचं. हे काम आता ती सोडणार नव्हती. हिम्मतरावांच्या स्थळाला तिनं स्वतःच पत्र लिहून नकार कळवला. तिचं मराठी लिहिणं कच्चं. एवढ्याशा पत्रात अप्पांनी अकरा चुका काढल्या, पण मजकुराला हात लावला नाही.

एप्रिलच्या नऊ तारखेला, शुक्रवारी, पोस्टमननं दार वाजवलं. पाकीट दाराखालून जाईना. ते जाड होतं. प्रियदर्शिनी ते घेऊन बैठकीत आली, अप्पांनी सुपारीच्या अडकित्त्यानं कडा कापली आणि आतले कागद तिच्या हातात दिले. आज त्यांनी स्वतः वाचायचं धाडस केलं नाही. पहिल्याच ओळीत होतं: प्रवेश, पाच वर्षांसाठी, शिकवण्याच्या कामासह. पंधरा तारखेपर्यंत कळवावं. खाली, टाइप केलेल्या मजकुराखाली, निळ्या शाईत बाईंनी हातानं लिहिलं होतं. तिनं ते मोठ्यानं, मराठी करत वाचलं: तुमचं पहिलं निवेदन समितीच्या फाइलमधून काढलेलं नाही, त्याला तुमची चार पानं जोडली आहेत, ती तशीच राहतील. त्या दिवशी मला सांगायचं होतं की मी स्वतः ती समितीपुढं वाचेन, तशी वाचली. आता एक प्रश्न आहे, तो तुमच्या आईसाठी. फोन बंद असायचा त्या दिवशी सगळ्याच मिरचीला जास्त भाव मिळायचा, की फक्त चांगल्या मालाला? हलक्या मालाचं काय व्हायचं?

अप्पांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. ते उठले आणि रफिया आपांना सांगायला म्हणून अनवाणीच बाहेर गेले. बैठकीत दोघीच राहिल्या. भामा उंबऱ्याला टेकून उभी होती. तिनं हात पदराला पुसले, प्रश्न लेकीकडून परत एकदा वाचून घेतला, आणि बराच वेळ डोळे बारीक करून काहीतरी बघत राहिली, जणू तो पडदा समोरच होता. प्रियदर्शिनीनं पेन काढलं.

"नाय सांगता येत," भामा म्हणाली. "रास मला दिसायची नाय. पाय दिसायचे तेवढे सांगितले."

"मग काय कळवू त्यांना?"

"खरं ते कळव. आईला नाय ठाऊक म्हनून लिही." तिनं पाकीट उचललं, त्यावरची परदेशी तिकिटं अंगठ्यानं चाचपली, आणि ते लेकीच्या हातात ठेवलं. "ते तू बघ. जा."